मागची चाकं

"किल्ली ठेव हितं," मोठे भाऊजी म्हणाले आणि ओसरीवरच्या पाटावर त्यांनी बोट आपटलं.

दसऱ्याची संध्याकाळ होती. सोनं द्यायला आलेली माणसं आमच्या अंगणातला रागरंग बघून आपट्याची पानं मुठीतच धरून उभी राहिली होती. परत जायचं तर कुणाच्याच मनात नव्हतं. फुकटचा तमाशा सोडून कोण जाईल? ओसरीच्या खांबाला टेकून माझी थोरली जाऊ बसली होती, हौसाअक्का. उजव्या हाताला कोपरापर्यंत ओलं प्लास्टर आणि तो हात गळ्यातल्या झोळीत. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला सगळ्यात जास्त तेच लागत होतं.

"म्या सांगितलं की भाऊजी, ब्रेक लागला न्हाई. पाय पार तळापतूर दाबला हुता."

"लागला न्हाई? पाडव्याला गाडी घेतली तवा रफिक मिस्त्रीनं मागं ब्रेकला नवं पॅड घातल्यात. एवढ्यात संपत्यात व्हय?" भाऊजींचा आवाज चढला. "ब्रेकला काय धाड भरलीय? बाईच्या पायात जोर नसतो, एवढीच गोष्ट खरी. माझीच अक्कल शेण खायला गेली ती तुझ्या हातात गाडी दिली."

झालं होतं ते असं. आमच्या घरच्या बायकांचा आणि आळीतल्या आणखी काहीजणींचा स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो की तेरावं, शेगड्या, पातेली, पराती घेऊन आम्ही हजर. पाटणच्या पलीकडेसुद्धा लोक अक्काच्या पोळीचं नाव काढायचे. पूर्वी सामान न्यायला एक खटारा टेम्पो होता. त्या वर्षी पाडव्याला भाऊजींनी ही वापरलेली, पण मोठी जड व्हॅन घेतली, पुढं आम्ही बसायचं आणि मागं सगळा संसार. दसऱ्याला खाली नदीकाठच्या वाडीत वास्तुशांत होती. वाडीत उतरताना शेवटी एक खडीचा उतार लागतो. तिथं मी ब्रेक दाबला, पुढच्या चाकांनी धरला, पण मागच्यांनी ओ म्हणून दिली नाही. मागून सगळं ओझं लोटत आलं, पुढची चाकं खडीवर घसरली आणि गाडी सरळ जाऊन पाण्याच्या हौदाला धडकली. पुढच्या सीटवर अक्का होती. तोल सावरायला तिनं हात पुढं केला आणि तो मनगटातून मोडला. पोळी लाटायचा हात.

माझा नवरा रघुनाथ तिथंच होता. भावाच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून नखं कुरतडत उभा होता. वास्तविक गाडी आली तेव्हा ती त्यानंच चालवायची असं ठरलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं ती ओढ्यात घातली. मग भाऊजींनीच गावासमोर किल्ली माझ्या हातात ठेवली होती. "हिच्या बापाचा ट्रॅक्टर ही लग्नाआधीपासून हाकतीय, हिला जमंल," असं म्हणाले होते. भाऊजी कडक होते, तोंडाचे फाटके होते, पण त्या दिवशी मला त्यांनी जे दिलं ते माझ्या आईबापानंही दिलं नव्हतं. गाडीत बसले की मी कुणाची सून नसायची, कुणाची जाऊ नसायची. ती किल्ली ते आता परत मागत होते, आणि तीही माझ्या पायात जोर नाही म्हणून. मी ती पाटावर ठेवली.

"रघू, तुजं काय म्हणणं?" भाऊजींनी मागं न बघता विचारलं.

रघुनाथनं घसा साफ केला. "तुमी म्हणाल तसं, दादा."

"मग हितनं फुडं गाडी तू चालवायची. जपून चालव म्हंजी झालं."

मी नवऱ्याकडे बघितलं. नाही म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? निदान 'तिचं ऐकून तर घ्या' एवढं तरी? पण हे बाजीराव मान खाली घालून पुढं आले, पाटावरची किल्ली उचलली आणि खिशात टाकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडू येत होतं, पण त्या पानं धरून उभ्या राहिलेल्या माणसांपुढं मी मेले तरी रडले नसते.

"भाऊजी," मी म्हणाले, "चाक उघडून बघूया. मागचं. पॅड धड निघालं तर हितनं फुडं मी स्टेरिंगला बोट लावणार न्हाई. आणि न्हाई निघालं, तर किल्ली मला द्यायची. ह्या सगळ्यांच्या म्होरं घेतलीसा, सगळ्यांच्या म्होरंच द्यायची."

"आगं, रफिक गेलाय मिरजंला. उघडणार कोण?"

"मी उघडणार."

कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजी नाही हसले. ते म्हणाले, "उघड. उद्या सकाळच्याला."

सकाळी पहिल्या एसटीनं मी पाटणला गेले. स्पेअर पार्टचं दुकान उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसले आणि मागच्या दोन्ही चाकांचे नवे पॅड घेऊन आले. उघडून बघायच्या आधीच नवे कशाला आणलेस, असं मला सगळ्यांनी विचारलं. माझ्या पायाची मला खात्री होती, म्हणून आणले. दुसरं काय सांगणार?

आता कुणाला वाटेल, ही बाई गाडीचं काम कुठं शिकली? रफिकभाई मुलाणी आमच्या गावचा मिस्त्री. पाडव्यानंतर त्यानं मागचे पॅड बदलले तेव्हा मी त्याच्या शेजारी उकिडवी बसून सगळं बघितलं होतं. जी गाडी आपल्याला चालवायची तिच्या पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक नको? त्यालाही सांगायची हौस होती. त्यानंच एक चाक करून दाखवलं होतं आणि दुसरं माझ्याकडून करून घेतलं होतं.

काल ट्रॅक्टरला बांधून घरी आणलेली गाडी अंगणात सपाट जागेवर उभी होती; पुढचा बंपर चेपला होता, एवढंच. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. मागच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात, ते करायला पाना लावला. जोर लावून हात भरून आले. एवढ्यात रघुनाथ आला. हातात पेट्रोलचा डबा, जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि दोन-तीन पॉलिशपेपर.

"सर तू," तो म्हणाला. "दादा मळ्यातनं यायच्या आत मीच बघतो काय ते. तू कशाला हात काळं करून घेतीस? जा, च्या टाक."

"सगळ्यांच्या म्होरं उघडायचं ठरलंय."

"आगं, नुसतं उघडून पुसून ठिवतो."

"नगं. तुमी हितंच बसा. पेडल मारायला माणूस लागंल."

तो मुकाट्यानं डबा खाली ठेवून पायरीवर बसला. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. रात्रभर त्याच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. वाटलं, चला, भावापुढं तोंड उघडलं नाही तरी सकाळी उठून डबा घेऊन आला ना मदतीला. बाईची जात वेडी असते म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही. कुणी फुंकर मारली की आम्ही भाजलेलं विसरतो.

भाऊजी आले. अक्का आली आणि जोत्यावर बसली. ऑर्डरीवरच्या बायका आल्या, शेजारचे दोघे-तिघे अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून डोकवायला लागले. मी जॅक लावून मागची बाजू उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि चाक काढलं.

ह्या गाडीला मागंही डिस्क होती. म्हणजे लोखंडाची एक उघडी थाळी चाकाबरोबर फिरते आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. एवढंच तंत्र. चिमटा धरणारा जो लोखंडी ठोकळा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. त्याचे बोल्ट काढले. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो, नळी तुटते. म्हणून तारेनं वर बांधून ठेवला आणि दोन्ही पॅड बाहेर ओढले.

भाऊजी वाकले. त्यांनी माझ्या हातातला पॅड बघितला आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"बगा रं," ते गडग्याकडे तोंड करून म्हणाले. "जाडच्या जाड हाय. जरा म्हणून झिजल्याला न्हाई. आता बोल."

गडग्यापलीकडे कुजबुज झाली. पॅड खरंच जाड होता. मग बोटाला काहीतरी चिकट लागलं. पॅडचं तोंड राखाडी, कोरडं असायला पाहिजे. हे काळं होतं आणि चकाकत होतं. मी नाकाला लावून बघितलं. मग डिस्कवरून बोट फिरवलं आणि तेच बोट भाऊजींच्या पुढं धरलं.

"ह्यो काय वास हाय, भाऊजी?"

त्यांनी वास घेतला. "ऑइलचा. सील गळत आसंल."

"ब्रेकमधलं ऑइल आसं काळं नसतंय. आन् ते गळलं आसतं तर वरच्या बाटलीतलं कमी झालं आसतं. म्या बघितलीय, काठोकाठ भरलीय. ह्ये जळकं ऑइल हाय. इंजनातनं काढलेलं. ह्ये हितं कुठनं आलं?"

भाऊजींनी गाडीच्या पोटाखाली नजर टाकली. कुठून आलं ते त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, आणि डोक्यात जाळ झाला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात तशी गाडीही पुजतात. पण त्याआधी ती धुऊन तिला खालून ऑइल मारायचं, हा भाऊजींचा नेम. डिझेलमध्ये जळकं ऑइल कालवून ते गनमधून गाडीच्या पोटाला फवारायचं, म्हणजे गंज लागत नाही आणि खालचं सगळं काळं कुळकुळीत चमकतं. जुन्या टेम्पोला ते दरवर्षी करत. त्या टेम्पोचे ब्रेक डब्यात बंद असायचे, त्यामुळं वरून कितीही ऑइल मारा, काही होत नव्हतं. ह्या गाडीची थाळी उघडी. पुढच्या चाकांना आतून पत्र्याची आड होती म्हणून ती वाचली. मागची नुसती न्हाऊन निघाली. खंडेनवमीला गाडी पूजा होऊन जाग्यावर उभी होती आणि दसऱ्याला तिची पहिली फेरी माझ्या हातची.

"तुमचा नेम, भाऊजी," मी म्हणाले. मला आवाज आवरला नाही आणि आवरायचाही नव्हता. "तुमीच सांगता ना ऑइल मारायला? वाकून वाकून बघता ना, चमकलं का न्हाई? ब्रेकला ऑइल पाजलंसा तुमी! आन् काल अख्ख्या गावाम्होरं माझ्या पायात जोर न्हाई म्हणालासा. अक्काचा हात कुणामुळं मोडला? बोला की आता! काल लई बोलत हुतासा!"

मोठ्या दिराशी असं कुणी बोलत नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढणार.

भाऊजींनी माझ्या हातातून पॅड घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. मग डोक्यावरची टोपी काढली आणि जोत्याकडे गेले.

"हौसा," ते अक्काला म्हणाले, "तुजा हात म्या मोडला. म्याच सांगितलं रघूला, खालनं सगळं ऑइल मार म्हणून. मला ठावं नव्हतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, चुकलं माजं."

मी असं काही ऐकेन असं मला जन्मात वाटलं नव्हतं. त्या माणसानं कधी कुणापुढं मान वाकवली नव्हती. अक्का डाव्या हातानं डोळे पुसायला लागली. माझा सगळा राग एकदम पोरका झाल्यासारखा झाला, कुठं जावं ते त्याला कळेना.

"किल्ली दे तिची," भाऊजी रघुनाथला म्हणाले.

"काम तर हुंद्या," मी म्हणाले. "आधी पॅड घालू दे."

मी खाली बसले. डिस्क पुसायला चिंधी घेतली, पेट्रोलचा डबा जवळ ओढला, आणि चिंधीबरोबर एक पॉलिशपेपर माझ्या मांडीवर पडला.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. नवे पॅड घालायला पॉलिशपेपर कशाला लागतो? तो लागतो जुन्या पॅडचं तोंड घासायला. पेट्रोलनं तेल पुसायचं, कागदानं वरचा थर घासायचा आणि पॅड कोरडा दिसायला लावायचा. हे सगळं घेऊन माझा नवरा आला तेव्हा चाक अजून जाग्यावर होतं. नटसुद्धा सुटले नव्हते. आत तेल आहे हे मला ठाऊक नव्हतं, भाऊजींना नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं.

कॅलिपरचा पिस्टन, म्हणजे पॅडला दाबणारा दट्ट्या, शिकंज्यानं हळूहळू आत दाबला, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले. मग दुसरं चाक. त्याचीही तीच गत होती. माझे हात चालत होते आणि डोकं भणभणत होतं. दोन्ही झाल्यावर मी रघुनाथला म्हणाले, "बसा वर. पेडल मारा."

पॅड बदलल्यावर हे करावंच लागतं. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळं पहिला पाय नुसता रिकामा खाली जातो. पेडल मारून मारून पिस्टन पुढं आणायचा, पाय कडक लागेपर्यंत. त्याच्याआधी गाडी हलवली तर संपलंच. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. भाऊजी अक्काजवळ होते, बायका चहा घेत होत्या. मी उघड्या दाराशी उभी राहिले.

"पेडल कसं लागतंय?"

"पोकळ."

"मारत ऱ्हावा." मी आवाज खाली आणला. "रफिकभाई मिरजंला जायच्या आधी गाडी त्याच्याकडं धुवायला न्हेली हुतीसा. त्यो काय म्हणाला हुता?"

त्याचा पाय थांबला.

"पाय थांबवू नगा. काय म्हणाला हुता?"

"मागं ऑइल मारू नका म्हणाला," तो पुटपुटला. "त्यो निघून गेला. म्याच मारलं मग. दादा वाकून बघत्यात ठावं हाय ना तुला? मागं कोरडं दिसलं आसतं तर माजी सालटी काढली आसती. म्हटलं, काय हुतंय एवढ्यानं."

"आन् कळलं कवा तुमाला?"

"त्या उतारावरच. गाडी थांबंना तवाच."

"म्हंजी काल सांच्याला, दादा मला बोलत हुते तवा, तुमाला ठावं हुतं."

तो पेडल मारत राहिला. मग एकदम म्हणाला, "तुला काय म्हायती गं, लोक मला काय काय बोलत्यात? बायकू गाडी हाकती आन् ह्यो मागं पातेली धरून बसतो. रोज ऐकायचं. चावडीवर, हाटेलात. म्हटलं, आली किल्ली हातात तर आली. ब्रेक पुसून घेतला आसता, कुणाला काय कळलं आसतं?"

मी दाराची कड घट्ट धरली होती. हात तिथंच धरून ठेवला, नाहीतर तो त्याच्या थोबाडावर गेला असता.

"झालं की आता," तो हळूच म्हणाला. "दादांनी सोताच्या अंगावर घेतलंय. मिटलंय सगळं. तुला तुजी किल्ली मिळतीय. आता कशाला उकरतीस?"

पेडल कडक झालं होतं. त्याचा पाय अर्ध्यातच अडत होता. काम झालं होतं आणि किल्ली मिळणार होती. पण ती तिकडं टोपी काढून बसलेल्या म्हाताऱ्याच्या मानेवर पाय देऊन मिळणार होती, आणि हा माणूस मला त्यात भागीदार करून घेत होता. मला वाटलं, एवढीच किंमत केली ह्यानं माझी?

"भाऊजी," मी मोठ्यानं हाक मारली, "हिकडं या जरा."

रघुनाथनं माझा दंड धरला. मी झटकून टाकला. भाऊजी जवळ आले तेव्हा मी सगळं सांगितलं. रफिकभाईनं काय बजावलं होतं, ह्यानं काय केलं, पेट्रोल आणि कागद कशाला आणला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

भाऊजींनी भावाकडे बघितलं. "खरं हाय?"

रघुनाथनं स्टेरिंगवर कपाळ टेकलं.

मला वाटलं, आता ह्याची कानशिलं तापणार. पण भाऊजींनी आधी गडग्याकडे नजर टाकली, आणि मग मला काय म्हणाले असतील?

"हळू बोल, शैला. शेजारी ऐकत्यात."

"काल ऐकत नव्हते?"

"आगं, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्यावी. म्या घेतलंय ना माझ्या अंगावर? चूक माझीच ऱ्हाऊ दे. त्याला गावात तोंड दाखवायचं हाय."

"मला न्हाई दाखवायचं?"

भाऊजींचा राग खरा होता, त्यांची माफीही खरी होती, पण भावाचं तोंड काळं होतंय म्हटल्यावर ह्या दोन्हींपेक्षा त्यांना गडग्यापलीकडची माणसं मोठी वाटली. आणि सून? सुनेवरचा डाग धुतला की निघतो.

तेवढ्यात अक्का उठली. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती गाडीपाशी आली. कालपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आताही माझ्याकडे न बघता ती रघुनाथसमोर जाऊन उभी राहिली.

"काल दवाखान्यातनं येताना माजा हात मांडीवर घिऊन बसला हुतासा तुमी," ती म्हणाली. "म्या कळवळत हुते. तवा मला काय म्हणालासा? 'वहिनी, हिला कितीदा सांगतो हळू चालव, पर ऐकतच न्हाई.' म्हणालासा का न्हाई? म्या त्ये खरं मानलं. रातभर हिला शिव्या दिल्या मनात."

म्हणजे भावापुढं ह्याची दातखीळ बसली होती, ही गोष्ट खोटी होती. तोंड त्याला होतं. ते त्यानं बरोबर जागी, बरोबर वेळेला वापरलं होतं.

अक्कानं डावा हात पुढं केला. "किल्ली."

त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती माझ्या हातात दिली, आणि भाऊजींकडे बघून गडग्यापलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "ऐकू द्या ज्येला ऐकायचं त्येला."

त्या दिवशी शेजारच्या गावात बारशाची ऑर्डर होती. चाकं चढवली, नट आवळले, अंगणातल्या अंगणात दोन-चारदा पुढं-मागं घेऊन ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी उभी राहत होती. बायकांनी शेगड्या भरल्या, पराती भरल्या. अक्का लाटणार काही नव्हती, पण आपण घरी बसणार नाही म्हणाली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. तिनं पदरानं माझ्या गालावरचं ऑइल पुसलं. मी काही बोलले असते तर दोघीही रडत बसलो असतो आणि बारशाला उशीर झाला असता.

मी गाडी सुरू केली. आरशात बघितलं तर रघुनाथ मागं चढला होता. रोजच्या सवयीनं जाऊन पातेल्यांच्या मधे बसला होता, दोन्ही हातांनी मोठं पातेलं धरून. जसं काही झालंच नव्हतं. संध्याकाळी घरी येऊ, जेवू, झोपू, आणि उद्या परत तेच, असा हिशेब त्यानं मनातल्या मनात करून टाकला होता. भाऊजी दारात उभे होते. शेजारी अजून हलले नव्हते.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात, तेही सणासुदीला आणि लाजत. मी हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"रघुनाथ," मी म्हणाले, "खाली उतर."

"शैला!" भाऊजी ओरडले. मी इंजिन बंद केलं नाही आणि गाडीही हलवली नाही. आत बसलेल्या बायकांनी पाय आखडून त्याला वाट करून दिली.

तो उतरला.

पुढं आम्ही एका घरात राहिलो, एका ताटातलं खाल्लं, मुलांची लग्नं केली. पण त्याला मी पुन्हा कधी 'अहो' म्हटलं नाही.